एकवीस तुकडे

परतूरच्या त्या लॅबमधलं रक्त तपासायचं मशीन म्हणजे एक नंबरचं खडूस. वीस नळ्यांचे आकडे एका सलग ओळीत ओकायचं, मधे ना जागा ना स्वल्पविराम. शेवटी तिथं काम करणाऱ्या ज्योत्स्नानं पायथनमध्ये दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला. चार-चार अक्षरांचे तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा नळीच्या नंबरापुढं मांडायचा. पहिली नळी पेशंटची नसते, मशीन नीट चाललंय का ते बघण्यापुरती असते. तिचा आकडा मशीन चालवणारे राधेश्याममामा मशीनवरच बघायचे, म्हणून पहिला तुकडा प्रोग्राम सोडून द्यायचा.

त्या दिवशी सातव्या नळीपुढं आलं ०९.८. सातवी नळी तिच्या आईची, बेबीनंदाबाईंची. पाय सुजले, डॉक्टरांना किडनीची शंका आली, म्हणून सकाळीच रक्त दिलं होतं. आता बाहेर बाकावर बसून होत्या. किडनीचा हा आकडा, क्रिएटिनिन, एकाच्या आसपास असावा लागतो. नऊ म्हणजे किडन्या गेल्याच. आपली एक किडनी द्यायची, हे ज्योत्स्नानं तिथल्या तिथं ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात यादीच्या तळाशी एक तुकडा उरलेला दिसला. नळ्या वीस आणि तुकडे एकवीस? तिनं मशीनचे आकडे जिथं येतात ती मूळ फाइल उघडली. अगं बाई! सगळ्यात आधी इंग्रजी अक्षरांत एस-एच-आर-आय. श्री!

"मामा, हे काय?"

राधेश्याममामा चष्मा सावरत आले. "नवा कंप्युटर आला ना आज. नव्या वहीत पहिलं श्री लिहितो आपण, तसं लिहिलं. काई चुकलं का?"

"काई न्हाई! सगळ्यांचे आकडे एकेक घर खाली सरकले, बस्स!"

हसावं की मामांचं डोकं फोडावं, तिला कळेना. ती चार अक्षरं खोडून तिनं प्रोग्राम पुन्हा चालवला. आईपुढं आलं ००.९. मशीनच्या पडद्याशी ताडून पाहिलं, बराबर. तो नऊचा आकडा सहाव्या नळीचा, कारभारीदादांचा. त्यांचं डायलिसिस वर्षभर चालू आहे, त्यांचा आकडा दर वेळी तेवढाच असतो.

ती बाहेर धावली आणि आईसमोर उभी राहून हमसाहमशी रडायला लागली.

बेबीनंदाबाईंनी लेकीकडं पाहिलं. "समजलं मला," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण तुझी किडनी मी घेणार न्हाई. ते आत्ताच डोक्यातून काढ."

"आई, तुला काहीच झालेलं न्हाई गं! बिलकुल न्हाई!"

"मंग रडून काऊन राह्यली, भवाने!" बेबीनंदाबाईंनी तिच्या पाठीत धपाटा घातला, आणि हात तिथंच ठेवून त्या स्वतःच ढसाढसा रडायला लागल्या.