सूत्रधाराला काय द्यायचं?

तार्मोने मोबाइल टेबलावर सरकवला आणि म्हणाला, "आधी बघा, मग बोला."

हेल्का आणि मिर्वा दोघीही वाकल्या. पडद्यावर एक नकाशा होता, शाईने काढलेला. डोंगर, नद्या, किल्ले, दलदल, आणि या सगळ्यावर मुंगीच्या पायांइतकी बारीक अक्षरं.

"साल्वेरी!" मिर्वा जवळजवळ ओरडलीच. "अख्खा साल्वेरी! कोणी काढला?"

"ओउलू शहरात एक बाई आहे, नकाशेच काढते. मी तिला अकरा वर्षांच्या माझ्या वह्या पाठवल्या. दोनशे चौदा गावं, एकही सुटलेलं नाही. आर्वोचा साठावा वाढदिवस आहे, राव. मोजे देणार का त्याला?"

साल्वेरी हा देश कुठेच नाही. तो आर्वोच्या डोक्यातून निघाला आणि अकरा वर्षं दर रविवारी दोन वाजता त्याच्याच जेवणाच्या टेबलावर वाढत गेला. तार्मो, मिर्वा आणि हेल्का यांचं त्या देशात एकेक पात्र होतं आणि ते काय करणार हे ते तिघं ठरवायचे. बाकी सगळं आर्वोकडे: वारा, शत्रू, सराईचा मालक, राजाचा खोटारडा भाऊ. तो या खेळाचा सूत्रधार. समोर पुठ्ठ्याचा पडदा उभा करून तो बसायचा आणि पडद्यामागे वीस बाजूंचा फासा टाकून नशिबाचा कौल सांगायचा. तो फासा दुसऱ्या कोणी पाहायचा नाही, हा नियम.

"हेल्का, तू काहीच बोलली नाहीस," मिर्वा म्हणाली.

"छान आहे," हेल्का म्हणाली. "पण... दुसरं काहीतरी बघूया का?"

तार्मोने तोंडातली काळी खारट गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. तो ट्राम चालवायचा. रागावला तरी आवाज चढू न देण्याची त्याला सवय होती. "दुसरं म्हणजे काय?"

"चांगली खुर्ची. त्याची पाठ दुखते म्हणतो ना. किंवा मोठे फासे मिळतात, हातात धरायला बरे. नाहीतर एखादं ध्वनिमुद्रण यंत्र, त्याला गोष्टीची टिपणं बोलून ठेवता येतील."

"मोठे फासे? बालवाडीतला आहे का तो?" तार्मो हसला, पण डोळे हसत नव्हते. "हे बघ, पैशाची अडचण असेल तर तसं सांग. तुझा वाटा मी घालतो."

"पैशाचं नाही रे."

"मग कशाचं?"

हेल्काने कॉफीचा कप उचलला आणि रिकामा आहे हे लक्षात आल्यावर खाली ठेवला. कशाचं ते तिला सांगता येत नव्हतं.

ती इस्पितळात नेत्रविभागाच्या नोंदणी खिडकीवर बसायची. खिडकीवर जे कळतं ते बाहेर न्यायचं नाही, असं तिने नोकरीच्या पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं आणि सतरा वर्षं पाळलं होतं. जानेवारीतल्या एका सकाळी तिने पुढच्या माणसाचं नाव पुकारलं आणि समोर आर्वो येऊन उभा राहिला. हातातली चिठ्ठी तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून वाचायचा प्रयत्न करत होता, कोंबडी दाणा बघते तसा मान तिरकी करून. तिचा आवाज ऐकून मात्र तो ताठ झाला.

"हेल्का?"

"हो, आर्वो."

त्याने चिठ्ठीची घडी घातली. मग म्हणाला, "मधोमध डाग आलाय. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं नसतं. आजूबाजूचं सगळं असतं." आणि हळूच, "तुला कोणाला सांगता येत नाही ना?"

"नाही."

"मग बरं झालं तूच आहेस ते."

पाठदुखीचं कारण सांगून त्याने शाळेतून रजा घेतली होती. तिथे तो रसायनशास्त्र शिकवायचा. नोव्हेंबरपासूनच दिसणं कमी झालं होतं, हे तिने त्याच्या कागदांवर वाचलं. आणि आता हे दोघं त्याला दोनशे चौदा बारीक अक्षरांची गावं भेट देणार होते.

"मी तर म्हणते, एक गंमत करू," मिर्वा रंगात आली होती. ती पहिलीच्या मुलांना शिकवायची आणि तिला प्रत्येक गोष्टीचं कोडं करायची खोड होती. "त्या बाईला सांगू, नकाशात कुठेतरी तोर्वीची कबर काढ. एवढीशी. आर्वोने ती शोधून काढायची, सगळ्यांसमोर!"

तोर्वी म्हणजे तार्मोचं पात्र, एक चिडका नावाडी. नऊ वर्षं तार्मोने त्याला जगवलं होतं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी नदीच्या काठावर त्याला बाण लागला. पडद्यामागे फासा खुळखुळला, थांबला, आणि आर्वो म्हणाला, "एकोणीस." शत्रूला एवढा मोठा आकडा, म्हणजे बाण थेट काळजात. तार्मो त्या दिवशी कोट घालायला विसरून थंडीत खाली उतरला होता. पण फासा तो फासा, असं म्हणून पुढच्या रविवारी नवीन पात्र घेऊन आला.

"कबर," तार्मो म्हणाला. त्याला ते फार आवडलं, हे दिसत होतं. "हो. शेजारी एक होडी."



वाढदिवसाच्या आधीच्या गुरुवारी हेल्का कामावरून परस्पर आर्वोकडे गेली. दार उघडताना त्याने तिच्या खांद्याकडे पाहिलं. आजार माहीत झाल्यावर ते तिरकं बघणं आता तिच्या लक्षात येत होतं. घरात प्रत्येक वस्तू जागच्या जागी होती. टेबलावर जाड मार्करने लिहिलेले कागद पसरले होते, एका कागदावर तीन-चारच शब्द.

"त्यांना सांगून टाक," ती कोटसुद्धा न काढता म्हणाली.

"एप्रिलमध्ये गोष्ट संपतेय. संपली की सांगतो."

"रविवारी तुला एक भेट मिळणार आहे. ती बघावी लागेल, आर्वो. नीट, जवळून."

"मग बघेन."

"कशी?"

"जमवतो मी. आतापर्यंत जमवलंच ना?" त्याच्या आवाजात शिक्षकाची धार आली. "नियमांचं पुस्तक मला पाठ आहे. तुमचे आवाज ओळखतो. अडतंय कुठे?"

हेल्काची नजर पुठ्ठ्याच्या पडद्यावर गेली. मागे तो काळा, वीस बाजूंचा जुना फासा पडलेला होता. आकडे झिजून राखाडी झालेले. तिलाच ते वाकून बघावे लागले.

"आर्वो," ती म्हणाली, "हे आकडे तुला दिसतात?"

आर्वोने टेबलावरचे कागद गोळा केले.

"डिसेंबरमध्ये दिसत होते?"

आर्वो उठला, खिडकीपाशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. खाली कोणीतरी फावड्याने बर्फ ओढत होतं, तेवढाच आवाज. "कॉफी ठेवू का?" त्याने विचारलं.

ती निघाली. जिन्यात तिला उमगलं, की आंधळा होण्याची भीती त्याने कधीच पचवली होती. तो ज्याला भीत होता तो तार्मो होता.

रविवारी मिर्वाने स्ट्रॉबेरीचा केक आणला. मेणबत्त्या विझल्या, कॉफी ओतली गेली, आणि तार्मोने चौकटीत बसवलेला नकाशा टेबलावर आडवा ठेवला. वरचा कागद आर्वोने स्वतः काढला. त्याचा हात काचेवरून सावकाश फिरला.

"नकाशा," तो म्हणाला. नदीची जाड निळी रेघ त्याला कडेने दिसली असावी. "हा... हा साल्वेरी आहे."

"दोनशे चौदा गावं!" मिर्वा टाळ्या वाजवत म्हणाली.

"सुंदर आहे. फारच सुंदर. भिंतीवर लावू. चला, आता खेळायला बसू—"

"थांब, थांब, पळतोस कुठे?" मिर्वाने त्याचं मनगट धरलं. "यात तोर्वीची कबर आहे. शोध!"

हेल्का त्याच्या उजव्या हाताला बसली होती. कबर नदीच्या तिसऱ्या वळणावर होती, वीतभर वर, जराशी डावीकडे. टेबलाखालून त्याच्या पायाला पाय लावावा, खोकावं, बोट हळूच ढकलावं, सगळं तिच्या मनात येऊन गेलं. तिने हातही उचलला. पण आज बोट ढकललं तर पुढच्या रविवारी आणखी काय ढकलावं लागेल? तिने हात मांडीवर ठेवला.

आर्वो वाकला. मान तिरकी केली, मग दुसरीकडे. चष्मा कपाळावर चढवला. त्याचं बोट नकाशावर हिंडलं, थबकलं, पुन्हा हिंडलं.

"घाई नाही," तार्मो हळुवारपणे म्हणाला. हा क्षण तो कित्येक आठवडे मनात घोळवत होता.

"इथे," आर्वो शेवटी म्हणाला.

मिर्वा खळखळून हसली. "तो समुद्र आहे, येडपटा!"

कोणीच साथ दिली नाही तेव्हा तिचं हसू अर्ध्यात राहिलं. आर्वोचं बोट समुद्रातच होतं. त्याच्या कानशिलावरून घामाचा एक थेंब उतरला.

"मला दिसत नाही," आर्वो म्हणाला.

"अक्षर बारीकच आहे, भिंग आणू का—"

"मिर्वा, मला दिसत नाही. मधलं काहीच दिसत नाही. नोव्हेंबरपासून. बरं होणार नाही."

मिर्वाने तोंडावर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले आणि ती त्याचा दंड चोळत "अरे, अरे" एवढंच म्हणत राहिली. तार्मो हलला नाही. हेल्का त्याच्याकडेच बघत होती, आणि त्याच्या चेहऱ्यावरची कीव कुठल्या क्षणी हिशेबात बदलली ते तिला स्पष्ट दिसलं.

"नोव्हेंबरपासून," तार्मो म्हणाला.

"हो."

"तोर्वी डिसेंबरमध्ये गेला."

"हो."

"एकोणीस म्हणालास तू."

आर्वोने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "फासा टाकला. दिसला नाही. खाली वाकलो असतो तर तुम्हाला कळलं असतं. तुम्ही सगळे थांबला होतात, आणि तोंडात जो आकडा आला तो म्हणालो."

"तोंडात आला तो."

"हो."

"म्हणजे गोष्टीला हवं होतं म्हणूनही नाही? कुठलाच विचार न करता?"

"घाबरलो होतो, तार्मो. दुसरं काही नाही."

तार्मो उठला. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज खोलीभर झाला. दाराशी जाऊन त्याने कोट घातला, आणि बटणं लावता लावता हेल्काकडे वळला. "मोठे फासे. ध्वनिमुद्रण यंत्र. तुला माहीत होतं."

"माझ्या कामातून कळलं होतं. सांगता येत नव्हतं मला."

"मी तुला कंजूष समजलो."

"ते समजलं मला."

तो गेला. केक कोणी खाल्ला नाही.

पुढचे तीन रविवार खेळ झाला नाही. मिर्वा आर्वोकडे सूप घेऊन जायची आणि परत आल्यावर हेल्काला फोन करून रडायची. तार्मो फोन उचलत नव्हता. एकदा हेल्का मुद्दाम त्याच्या ट्राममध्ये चढली आणि अगदी पुढे उभी राहिली. त्याने आरशात तिला पाहिलं आणि पुढचा थांबा पुकारला.

चौथ्या शनिवारी दुपारी त्याचाच फोन आला. "दुकानात ये. खेळांच्या. आत्ता."

ती पोचली तेव्हा तो काउंटरपाशी डोळे घट्ट मिटून उभा होता. समोर मखमलीच्या कापडावर फासे मांडलेले: लाकडी, धातूचे, दगडाचे. एकेक उचलून तो अंगठ्याने चाचपत होता. दुकानदार पोरगी हनुवटी हातावर टेकून बघत होती.

"हा सहा आहे का नऊ?" त्याने विचारलं.

"नऊ," पोरगी म्हणाली.

"मग उपयोग नाही. पुढचा." हेल्काची चाहूल लागल्यावरही त्याने डोळे उघडले नाहीत. "तूही मीट. दोघांना एकच आकडा लागला पाहिजे. नाहीतर घ्यायचा नाही."

"माफ केलंस का त्याला?"

"आंधळा झाला म्हणून तर काही प्रश्नच नाही. माझ्या ट्राममध्ये माझ्या मागे दांडा धरून उभा राहील, मी त्याला गावभर फिरवीन." त्याने पितळी फासा खाली ठेवला. "पण खोटं बोलला. नऊ वर्षं होती ती माझी. ते अजून आहे, हेल्का. इथे आहे." त्याने छातीवर नाही, घशावर बोट ठेवलं. "मीट डोळे."

तिने मिटले. तासाभराने त्यांना एक सापडला: सुपारीहून मोठा, जड, आकड्यांऐवजी प्रत्येक बाजूवर खोल कोरलेले ठिपके आणि रेघा. तार्मोने पाच वेळा टाकून पाच वेळा चाचपला. पाचही वेळा बरोबर.

रविवारी दोन वाजता तो आर्वोच्या दारात उभा होता. नमस्कार-चमत्कार काही नाही. खोक्यातून फासा काढून त्याने आर्वोच्या तळहातावर ठेवला, आणि पुठ्ठ्याचा पडदा मिटवून कपाटावर टाकला.

"हा आता नको," तो म्हणाला.

"नको," आर्वो म्हणाला. "तार्मो, तोर्वीला हवं तर आपण परत—"

"मेला तो. मेलेला राहू दे. टाक."

आर्वोने फासा टाकला. तो टेबलावर दोनदा उसळला आणि मिर्वाच्या कपाला टेकून थांबला. आर्वोने हात पुढे केला, चाचपडला, कपाला धक्का लागून थोडी कॉफी सांडली, कोणी मदत केली नाही. त्याचा अंगठा वरच्या बाजूवर फिरला.

"सात," आर्वो म्हणाला.

तार्मो उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि वाकून बघितलं. मग जागेवर जाऊन बसला.

"सातच आहे. पुढे सांग."

त्या दुपारी आर्वोने एकोणतीस वेळा फासा टाकला आणि एकोणतीस वेळा तार्मो उठून बघून आला. आर्वोने एकदाही तक्रार केली नाही. दर खेपेला तो खुर्ची थोडी मागे घेऊन त्याला वाट करून द्यायचा. पुढच्या रविवारीही तसंच चाललं. त्याच्या पुढच्या रविवारी तार्मोने आपली खुर्ची उचलून आर्वोच्या शेजारी आणून ठेवली. "पाय दुखतात," एवढंच म्हणाला.