ड वर्गातली नावं

सरकारी कचेरीत कागदांचे वर्ग असतात. अ म्हणजे कायमचे जपायचे, ब म्हणजे तीस वर्षं, क म्हणजे दहा, आणि ड म्हणजे वर्ष उलटलं की फाडून टाकायचे. कुठला कागद कुठल्या वर्गात घालायचा हे ठरवण्यात माझी चौतीस वर्षं गेली. अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो तेव्हा साहेब भाषणात म्हणाले, "रामदासरावांच्या टेबलावर कधी फालतू कपटा दिसला नाही." त्या एका वाक्यावर मी पुढची सात वर्षं ताठ मानेनं फिरलो. माणसाला कशाचा माज चढेल काही सांगता येत नाही.

माझी बायको हिरा बिबवेवाडीत अंगणवाडी सेविका होती. ती निवृत्त झाली आणि तिनं मोबाइलवर ब्लॉग सुरू केला. मी हसलो. शिक्षण दहावी नापास, टायपिंग येत नाही, फोनपुढं तोंड नेऊन बोलायची आणि फोन लिहून घ्यायचा. तिचा पहिलाच लेख होता, "माझं नाव हिरा नाही." ते वाचून माझं हसू पळालं.

कारण ते नाव मी दिलेलं. तिचं माहेरचं नाव हौसा. मला ते गावंढळ वाटलं. कचेरीतल्या लोकांसमोर हाक कशी मारायची? आमचं बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर. देव सोडले, उपास सोडले, नवस सोडले. सुनेचं नाव बदलायची खोड तेवढी सुटली नाही. हिरानं लेखात हे सगळं लिहिलं, माझ्याबद्दल एक वाकडा शब्द न लिहिता, आणि शेवटी विचारलं, "तुमचं पहिलं नाव काय होतं? खाली लिहून ठेवा, नाहीतर ते तुमच्याबरोबरच जाईल."

बायका लिहायला लागल्या. "मी धोंडाबाई, सासरी मंगल." "माझं नाव बेबी होतं. बेबी म्हणणारी आई गेली, आता कुणी म्हणत नाही." "माझं नकोशी. बदललं ते बरंच झालं, तरी लिहिते." कुणी नुसतंच नाव लिहायची, पुढंमागं काही नाही. आमच्या वस्तीतल्या, हडपसरच्या, मग कुठल्या कुठल्या गावांतल्या. पाच वर्षांत चारशेच्या वर नावं जमली. हिरा नंतरही लेख लिहीत राहिली, पण रोज सकाळी चहा घेताना ती आधी ती नावं उघडायची आणि नवं आलं असेल तर मोठ्यानं वाचायची. मी पेपर तोंडापुढं धरायचो.

गेल्या वर्षी एका महिला संस्थेनं हिराचा सत्कार करायचं ठरवलं. सभागृहात मोठ्या पडद्यावर ब्लॉग दाखवणार म्हणाले. मला घाम फुटला. पिस्ता रंगाची पार्श्वभूमी, कोपऱ्यात गुलाबाची फुलं, आणि खाली ती बायकांची लांबलचक रांग. मी माझ्या भाचीला, कल्याणीला बोलावलं. ती हडपसरला आयटीत आहे.

"मामी, दोन ऑप्शन आहेत," कल्याणी लॅपटॉप उघडून म्हणाली. "एक म्हणजे वेबसाइट डिझाइनचं सॉफ्टवेअर घ्यायचं. दिसायला एकदम प्रोफेशनल होईल. पण त्यात मला फक्त तुमचे लेख नेता येतील, खालच्या कमेंट्स येणार नाहीत. दुसरा म्हणजे चांगल्या ब्लॉगिंग प्लॅटफॉर्मवर जायचं. दिसायला साधंच राहील, पण लेख, कमेंट्स, सगळं जसंच्या तसं येईल."

"मग दुसरंच," हिरा म्हणाली. तिला विचार करावा लागला नाही.

"अगं, सत्कार आहे का भिशी?" मी म्हटलं. "एवढ्या लोकांपुढं काय दाखवणार, धोंडाबाईची मंगल कशी झाली?"

"मामा, लोक तेच वाचायला येतात तिथं," कल्याणी म्हणाली.

"लेख म्हणजे मूळ टिपणी. खालचं सगळं ड वर्ग."

कल्याणीला ड वर्ग कळला नाही. हिराला कळला. चौतीस वर्षं जेवताना तिनं तेच ऐकलं होतं. ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग भाचीला म्हणाली, "जुनं आहे तिथंच राहणार असलं तर कर यांच्या मनासारखं."

"राहील की, मामी. जुना ब्लॉग तसाच ठेवू आणि वेबसाइटवर त्याची लिंक देऊ."

एवढ्या एका अटीवर हिरानं माझी हौस पुरवली.

वेबसाइट देखणी झाली. पांढरीशुभ्र, मोठा फोटो, वर ठळक अक्षरांत हिराचं नाव, म्हणजे मी दिलेलं. 'परिचय' मी स्वतः लिहिला, "सदर लेखिका" अशी सुरुवात करून. पण नेटवर शोधलं की आधी तो जुना पिस्ता रंगच वर यायचा, आणि ते मला सलायला लागलं. आमच्याकडं नियम होता: स्वच्छ प्रतीवर सही झाली की कच्चा मसुदा फाडायचा. दोन प्रती फिरत राहिल्या की घोळ होतो. सत्काराच्या आदल्या दिवशी हिरा मैत्रिणीकडं गेली होती. तिचा पासवर्ड माझ्याच डायरीत असतो. मी जुना ब्लॉग उघडला आणि हटवा म्हटलं. त्यानं विचारलं, नक्की? मी हो म्हटलं. मग तो म्हणाला, काही दिवस ठेवू का, की कायमचं पुसू? कायमचं पुसलेलं परत आणता येणार नाही. इतक्यांदा विचारणारं यंत्र बघून मला बरं वाटलं. शिस्तीचं आहे, म्हटलं. आणि कायमचं पुसलं.

सत्कार छान झाला. पडद्यावर वेबसाइट आली तेव्हा टाळ्या पडल्या. शाल मला मिळाली नव्हती, तरी घरी येताना ती माझ्याच खांद्यावर होती, कारण हिराला उकडत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ती म्हणाली, "अहो, उघडत नाहीये."

"काढून टाकलं ते. स्वच्छ प्रत झाली ना आता."

तिनं कप खाली ठेवला. "आणि बायका?"

"कुठल्या बायका?" मी विचारलं. शपथेवर सांगतो, मी खरंच विचारलं.

कल्याणीनं दोन दिवस खटपट केली. नेटवर कुठं जुन्या पानांची नक्कल राहते म्हणाली, त्यात शोधलं. पहिलं पान अर्धवट सापडलं, खाली सात नावं. ती मला एवढंच म्हणाली, "मामा, त्यानं तुम्हाला विचारलं असेल ना आधी?"

"विचारलं," मी म्हटलं.

हिरा भांडली असती तर बरं झालं असतं. ती एक वही घेऊन बसली आणि आठवतील तशी नावं लिहायला लागली. साठ-पासष्टपर्यंत गेली आणि अडली. ज्यांचे नंबर होते त्यांना फोन लावले. कुणी पुन्हा सांगितलं. कुणी म्हणालं, जाऊ द्या ताई, एकदा लिहिलं होतं ना. बहुतेकींचा पत्ताच नव्हता. लिहून झालंय म्हणून आपण पाठ केलं नाही, असं ती एकदा स्वतःशीच बोलली. मी तिथंच बसलो होतो. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडतो, म्हणून मी म्हटलं, "एवढं काय, नावंच तर होती." हे वाक्य मला आता गिळता आलं असतं तर मी विषासारखं गिळलं असतं.

चार महिन्यांनी दुपारी हिराचा फोन वाजला. तिनं तो स्पीकरवर टाकला. तनुजा म्हणून हडपसरची मुलगी होती. तिची आई विजयमालाबाई वारल्या होत्या. आमच्या ओळखीच्या, हिराबरोबर शिबिरांना यायच्या; फोनवर 'जाऊ द्या ताई' म्हणणाऱ्यांपैकी त्याही एक.

"काकू, दशक्रियेचा फ्लेक्स करायला टाकायचाय," तनुजा म्हणाली. "आईचं माहेरचं नाव पण टाकावं म्हणतेय. तिच्या माहेरचं आता कुणीच उरलं नाही. शाळेत ती कधी गेली नाही, कागदावर सगळीकडं विजयमाला. मी विचारलं की म्हणायची, 'हिराताईच्या ब्लॉगावर लिवलं हाय, वाच की.' मी म्हणायचे, वाचेन गं कधीतरी." ती रडायला लागली. "आता शोधतेय तर नुसती वेबसाइट दिसते. तुम्ही बघून सांगता का?"

हिराचे ओठ हलत होते. ती मनातल्या मनात नावं धुंडाळत होती, दिसत होतं ते. मग तिनं फोन माझ्यापुढं धरला.

"यांना विचार," ती म्हणाली. "कागदपत्रं यांच्याकडं असतात."

मला सांगता आलं असतं. पोरी, ते मी पुसलं, माझी चूक झाली. सात-आठ शब्दांचं काम. चौतीस वर्षांत साहेबांना कधी "कागद सापडत नाही" म्हणालो नव्हतो. ते शब्द माझ्या तोंडाला ठाऊकच नव्हते.

"थांबा हं, बघतो," मी म्हटलं. थोडा वेळ जाऊ दिला. आणि फ्लेक्सवर बरं दिसेल असं एक नाव सांगितलं. "अनसूया."

"अनसूया," ती पलीकडून म्हणाली. आणि पुन्हा एकदा, हळू, "अनसूया. किती छान. काका, तुमचे उपकार झाले."

हिरानं फोन बंद केला.

दशक्रियेला आम्ही दोघं गेलो. मी नको म्हणत होतो, ती म्हणाली, चला. घाटाच्या दारातच फ्लेक्स होता, भला मोठा. विजयमालाबाईंचा हसरा फोटो, आणि त्याखाली 'कै. विजयमाला (माहेरचे नाव अनसूया)'. तनुजानं आमच्या पाया पडून सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, हे काका होते म्हणून आईचं नाव मिळालं. लोकांनी मला हात जोडले. मीही जोडले. दुसरं काय करणार होतो?

परत येताना मार्केट यार्डाजवळ सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा हिरा बोलली.

"तिचं पहिलं नाव नवऱ्यानं काढून घेतलं," ती म्हणाली. "तो तिचा नवरा तरी होता. तुम्ही तिचे कोण?"