घासलेली मोहर

मी एक जुनी सोन्याची मोहर आहे, मित्रांनो. अमेरिकेतली, अडीच डॉलरची, आणि जन्मापासून गोंधळलेली.

इतर नाण्यांवरची चित्रं वर उठून दिसतात. माझं मात्र आत खोदलेलं. पिसांचा टोप घातलेला आदिवासी सरदार माझ्या अंगात रुतून बसलाय. लोकांनी नाकं मुरडली. "खाचांत मळ साचेल, रोगराई पसरेल!" म्हणाले. मग बरीच वर्षं मी एका पेटीच्या तळाशी पडून होते. तिथे माझ्यावर तांबूस छटा चढली, आणि नेमक्या त्याच छटेवर मिनेसोटातले एमेट लिंडक्विस्ट भाळले! आगळ्या घडणीची सोन्याची नाणी जमवण्याचा त्यांना भारी नाद. माझ्या शोधात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. ते मला फक्त कडेने धरत, माझ्यासमोर शिंकतही नसत. मळाला एवढा मान? मला काही कळेना.

यंदा नाणेमंडळाच्या प्रदर्शनात त्यांना प्रथमच मानाचं मधलं टेबल मिळालं, तेही माझ्यामुळे. आदल्या दिवशी त्यांच्या पत्नी व्हर्नाबाईंनी मला गुपचूप उचललं, खायचा सोडा लावला आणि जुन्या टूथब्रशने खसाखसा घासलं. छटा गेली, अंगभर बारीक ओरखडे उठले, पण मी लखलखले. मला वाटलं, आता लाड होणार!

"एमेट, डोळे मीट. हं, उघड! तुझी लाडकी लेक उद्या चारचौघांत जाणार, मळकी कशी पाठवू?"

एमेट मला कडेने धरून दिव्याखाली ओरखडे बघत राहिले. नाणी जमवणाऱ्यांच्या लेखी घासलेलं नाणं म्हणजे वाया गेलेलं नाणं, हे मला कुठे ठाऊक होतं? व्हर्नाबाईंनाही नव्हतं.

"आवडलं नाही का रे?"

"आवडलं गं," ते म्हणाले. "अगदी नवी दिसतेय."

दुसऱ्या दिवशी चर्चच्या तळघरात भरलेल्या प्रदर्शनात मंडळाचे अध्यक्ष हार्लन ओडेगार्ड भिंग घेऊन माझ्यावर वाकले आणि ओरडलेच, "अरे देवा! एमेट, हिला कुणा गाढवाने आंघोळ घातली?"

हशा पिकला. शेजारीच उभ्या असलेल्या व्हर्नाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. आता त्यांना सगळं समजलं होतं.

एमेटनी त्यांचा हात धरला. "ते गाढव मीच," ते म्हणाले. "आणि हिला इथून हलवायचं नाही. बघू द्या सगळ्यांना."

मित्रांनो, जुनी नाणी घासू नका, ही माझी कळकळीची विनंती. माझी गेलेली छटा परत येणार नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पण मायेने कुणी घासलंच, तर मोहर जपावी की माणूस? मी अजून गोंधळलेलीच आहे. एमेटना मात्र त्या दिवशी क्षणभरही विचार करावा लागला नाही.