पाय सैल सोडा

"पाय सैल सोडा, मामंजी," सुनीती म्हणाली, आणि तिच्या हातातला सासऱ्यांचा पाय आणखीच ताठ झाला.

ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या घोट्यापर्यंत गुंडाळून झाल्या होत्या. आता त्या घट्ट होईपर्यंत पाय नुसता धरून ठेवायचा होता. करंगळीच्या मुळाशी अंगठा लावून वर दाबायचं आणि टाच ना आत कलू द्यायची, ना बाहेर. हे काम पायाच्या साच्यावरून खास बूट बनवणाऱ्या पालबाबूंच्या मदतनिसाचं. तो बराकपूरहून यायचा आणि आज सियालदहला गाड्याच पोचत नव्हत्या. पालबाबूंचे स्वतःचे अंगठे संधिवाताने कामातून गेलेले. उरली सुनीती.

"ना, होलो ना." पालबाबूंनी पट्ट्या कापून बादलीत टाकल्या. "बाबू, आप फिर टाइट कर दिया. झूठा पाँव का साँचा लेकर हम क्या करेगा?"

मागच्या खेपेला हेच झालं होतं. तेव्हाही मदतनीस आला नव्हता आणि पाय तिनेच धरला होता. आखडलेल्या पायाचा साचा घेतला, त्यात कमान होती त्यापेक्षा उंच आली आणि त्यावर बेतलेला बुटातला चामड्याचा सोल तळव्याला कापत राहिला. भालचंद्रपंतांना पत्ता नाही. मधुमेहाने दोन्ही पावलं बधिर. मोजा रक्ताने चिकटला तेव्हा तो सुनीतीला दिसला. डॉक्टर स्पष्ट बोलले होते: आणखी एक जखम झाली तर पाऊल राहणार नाही.

"पायाला काही कळत नाही म्हणता, मग तो ताठ कसा होतो?" तिने विचारलं.

"त्यालाच विचार," भालचंद्रपंत भिंतीकडे बघत म्हणाले.

विचारायची गरज नव्हती. लग्न होऊन ती कलकत्त्याला आली तेव्हापासून सणावाराला त्यांच्या पाया पडायची, आणि ते शेजारच्या बंगाली बिऱ्हाडाला ऐकू जाईल अशा आवाजात "अखंड सौभाग्यवती भव" म्हणायचे. मागून श्रीकांत हसायचा. "बाबा, आशीर्वाद हिला देताय की मला?"

श्रीकांत गेल्यावरच्या पहिल्या पाडव्याला ती सवयीने वाकली. त्यांच्या तोंडून "अखंड" एवढं निघालं. पुढचं निघेना. त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. सुनीती स्वयंपाकघरात गेली आणि तिने आमटीला फोडणी दिली. मोहरी नेहमीसारखीच तडतडली. त्यानंतर ती वाकली नाही, आणि ती खोलीत आली की त्यांचे पाय धोतरात, चादरीत, जिथे जागा मिळेल तिथे जायचे. बाकी दोघांचं बरं चाललं होतं. भाजी काय आणू, औषध घेतलंत का, इतकं बोलणं रोज होत असे.

पालबाबूंनी नव्या पट्ट्या भिजवल्या. पाय गुंडाळून झाल्यावर त्यांनी सुनीतीला डोळ्यांनीच खूण केली आणि मोठ्याने म्हणाले, "इस बार हम खुद पकड़ेगा. आप आँख बंद करके बैठिए, बाबू."

भालचंद्रपंतांनी डोळे मिटले. सुनीतीने आवाज न करता स्टूल पुढे ओढलं, पाय हातात घेतला, अंगठा जागेवर लावला. पाय लगेच आखडला. पालबाबू खिडकीशी जाऊन विडी पेटवून उभे राहिले. खाली एस्प्लनेडच्या ट्रामा घंटा वाजवत होत्या.

मग कधीतरी पाय लोंबला. पिळायच्या आधीच्या ओल्या कपड्यासारखा जड, सगळा तिच्यावर टाकलेला. प्लास्टर हळूहळू तापू लागलं. ती ऊब त्यांच्या तळव्याला कळणार नव्हती. तिच्या हातांना कळत होती.

"सुनीती," भालचंद्रपंत डोळे न उघडता म्हणाले, "हात भरून आले असतील तुझे."

तिने हात हलू दिले नाहीत.

"केव्हा कळलं?"

"पालबाबूंच्या विडीचा वास आला तेव्हा. दोन्ही हातांत पाय धरून विडी पेटवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही."

विडी प्लास्टर तापायच्या आधीची. पाय लोंबला तो विडीनंतर. पाय तसाच, सगळा तिच्या हातांत होता.

विडी संपवून पालबाबू आले. त्यांनी नखाने प्लास्टर वाजवून पाहिलं, वाकून टाच न्याहाळली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"एकदम ठीक! हो गया, दीदी. छोड़ दीजिए."

"राहू दे जरा," भालचंद्रपंत मराठीत म्हणाले.

पालबाबूंनी सुनीतीकडे पाहिलं. "बाबू क्या बोला?"

"बोलते हैं," सुनीती म्हणाली, "अभी थोड़ा गीला है."