गहाणातली लक्ष्मी

मल्लेश्वरममधल्या एका घरात, देवघराशेजारच्या कोपऱ्यात मी उभा असतो. मी एक जुना व्हॅक्यूम क्लीनर आहे. माझ्या अंगावर हळदीकुंकवाची बोटं अजून दिसतात. मित्रांनो, यंत्राला एवढा मान मिळाला म्हणून तुम्हाला माझा हेवा वाटेल. पण आधी माझी कहाणी ऐका.

माझा जन्म परदेशातल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. मी महागातला. बारीकातली बारीक धूळही माझ्या गाळणीतून सुटत नाही, असं माझ्या खोक्यावर छापलं होतं आणि मला त्याचा भारी गर्व होता. मारतहळ्ळीला राहणाऱ्या भार्गवीने मला हौसेने विकत घेतलं. ती संगणकाच्या कंपनीत कामाला होती. सोफ्याखाली, पडद्यांवर, गादीच्या कडांना मी कुठेही धुळीचा कण ठेवायचो नाही. भार्गवी फोनवर मैत्रिणींना सांगायची, "अगं, काय पॉवरफुल आहे माहितीये!" मी आणखी जोरात घुमायचो.

मग भार्गवीची नोकरी गेली. एकेक वस्तू घराबाहेर पडू लागली आणि माझीही पाळी आली. गहाणाच्या दुकानात मला टेबलावर ठेवताना तिने माझ्यावरून हात फिरवला. "सोडवून नेणार हं मी याला," ती म्हणाली. मी ते खरं मानलं. गिटार, कॅमेरे, मिक्सर यांच्या गर्दीत मी दाराकडे डोळे लावून बसलो. मुदत संपली तरी ती आली नाही. दुकानदाराने मला विकायला काढलं.

मला घेतलं मुकुंदरावांनी. त्यांचं मल्लेश्वरममध्ये कापडाचं दुकान. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलं आणि इथलंच झालं. त्यांच्या पत्नीला, सावित्रीबाईंना, दमा होता. घरात धूळ उडता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवं यंत्र ऐपतीबाहेरचं, म्हणून ते गहाणाची दुकानं पालथी घालत होते. मी मिळाल्यावर रिक्षात त्यांनी मला लेकरासारखं मांडीवर घेतलं.

"कुठनं आणलासा हो?" सावित्रीबाईंनी कौतुकाने विचारलं.

"गहाणाच्या दुकानातनं. स्वल्प वापरलेलं हाय, पण चालतंय झकास."

सावित्रीबाईंचा चेहरा पडला. "अहो, केरसुणी म्हंजे लक्ष्मी. दुसऱ्याच्या घरची केरसुणी कोण आणतंय का? कुठल्या अडचणीत सोडली असंल त्या बाईनं! तिची लक्ष्मी ओढून आणायची आणि आपलं घर साफ करायचं?"

"अगं, यंत्र हाय ते!"

"केर काढतंय न्हवं? मग केरसुणीच. त्या बाईला शोधा. तिनं आपल्या तोंडानं वापरा म्हटलं, तर वापरते."

"सरी, शोधतो," मुकुंदराव म्हणाले.

पण त्यांनी शोधलं नाही. दुकानदाराकडे भार्गवीचा नंबर होता, विचारायचाच काय तो अवकाश. मात्र तिने मला परत मागितलं तर काय, ही धास्ती त्यांच्या मनात बसली. आज ना उद्या बायकोचा हट्ट सुटेल, या आशेवर ते राहिले आणि घरी "शोधतोय" म्हणून सांगत राहिले. एकदा त्यांनी स्वतःच मला चालू करून पाहिलं. सावित्रीबाईंनी खोकत खोकत येऊन माझी पिन उपसली.

माझी बडदास्त मात्र पाहुण्यासारखी होती. सावित्रीबाई रोज ओल्या फडक्याने मला पुसायच्या. "येईल हं तुझी बाई," असं समजवायच्या. आणि मग केरसुणी घेऊन घर झाडायच्या. धूळ उडायची, त्यांना धाप लागायची. हाताच्या अंतरावर उभा राहून मी ते बघायचो. माझ्या अंगात केवढी ताकद होती आणि ती कुणाच्या कामाची नव्हती! तेव्हा मला माझाच राग यायचा.

दिवाळी आली. माळ्यावरची वर्षभराची धूळ काढायची होती. मुकुंदराव दुकानात दिवाळीच्या गिऱ्हाइकांत अडकले होते. सावित्रीबाईंनी नाकाला पदर बांधला आणि एकट्यानेच माळा झाडून काढला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यांना धड बोलताही येत नव्हतं. तरी त्यांनी नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहिलं, मग भिंतीला धरत धरत माझ्यापाशी आल्या आणि मलाही बोटं लावली. त्याच रात्री त्यांना इस्पितळात नेलं. त्या परत आल्या नाहीत.

तेरावा झाला. पाहुणे पांगले. बायकोचं राहिलेलं काम करायचं म्हणून मुकुंदरावांनी दुकानदाराकडून नंबर घेतला आणि भार्गवीला फोन लावला.

"कोणता व्हॅक्यूम क्लीनर?" तिला आधी आठवेना. "अच्छा, तो होय! अहो काका, नवी नोकरी लागली तेव्हाच मी दुसरा घेतला. तुम्ही वापरा ना तो, खुशाल वापरा."

जिची वाट पाहत मी इतके दिवस काढले, ती मला विसरूनही गेली होती. पण खरं सांगतो, मित्रांनो, त्याचं दुःख मला फार वेळ झालं नाही. कारण मुकुंदराव फोन ठेवून सावित्रीबाईंच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले होते.

"वापरा म्हणाली गं," ते म्हणाले. "लगेच म्हणाली."

मग त्यांनी माझी पिन लावली आणि मला सावित्रीबाईंच्या खोलीत नेलं. पलंगाखालून, खिडकीच्या फटींतून, कपाटामागून मी सगळी धूळ ओढून घेतली. इतकं मन लावून मी कधीच काम केलं नव्हतं.

मित्रांनो, वस्तूंना जपा, त्यांची पूजाही करा. पण ज्या कामासाठी आणल्या, ते काम त्यांना करू द्या. आणि कुणाला एखादी गोष्ट विचारायची असेल, तर उत्तराला भिऊन ती लांबणीवर टाकू नका. आता मुकुंदराव मला रोज चालवतात. खोली लख्ख असते, हवेत धुळीचा कण नसतो. फक्त त्या हवेत श्वास घ्यायला सावित्रीबाई नाहीत.