हरिणीच्या उडीकडे नेणारा खांब

मी एक जुना खांब आहे. चेस्टनटच्या लाकडाचा, अंगावर शेवाळ चढलेला आणि एकच हात असलेला. मोंतेफोल्को गावाच्या वर, जिथे डोंगरातल्या पायवाटेला दोन फाटे फुटतात, तिथे मी उभा आहे. माझ्या हातावर कोरले आहे : 'हरिणीची उडी, एक तास.' हरिणीची उडी म्हणजे आमच्याकडचा धबधबा. मित्रांनो, पंचेचाळीस वर्षे मी लोकांना तिच्याकडे पाठवतो आहे, आणि पंचेचाळीस वर्षे तिच्यावर जळतो आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे.

मला घडवले आर्मिदाने. वडिलांच्या मागे सुतारकाम तिनेच चालवले. "बाईने रोवलेला खांब पहिल्या वाऱ्यात आडवा होणार," असे गावातले बाप्ये म्हणत होते. वारा दमला, मी नाही. तिने माझी अक्षरे पटाशीने खोल कोरली, मग तापलेल्या सळईने जाळून काळी केली. भाजले खूप, पण मी आतून फुलून गेलो होतो. आता येणारा-जाणारा प्रत्येक जण माझ्यापुढे थांबणार होता.

थांबले सगळे, पण किती वेळ? डोळ्याचे पाते लवेपर्यंत. अक्षरे वाचायची आणि डावीकडच्या चढाला लागायचे. दोन तासांनी परत येत ते ओलेचिंब, गाल लाल झालेले, तोंडात फक्त तिचे नाव. कुणी माझ्या हाताला ओले मोजे वाळत घाली, कुणी माझ्या पायाशी बसून पाव आणि पेकोरिनो चीज खाई आणि बोलणे मात्र तिचेच. मी तिला कधी पाहिलेलीसुद्धा नाही. उन्हातान्हात, बर्फात उभे राहायचे मी आणि तोरा मिरवायचा तिने!

त्यातही आर्मिदाचे मला फार लागे. दर रविवारी प्रार्थना आटोपली की ती यायची, माझ्या हातावरून हात फिरवायची आणि तडक वर जायची. उतरताना गुणगुणत असायची. ज्या बाईने मला जन्म दिला, ती माझ्याजवळ कधी दोन मिनिटे बसली नाही.

तिचा धाकटा भाऊ उबाल्दो पोर्चिनी अळंबीसाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. त्याची जागा धबधब्याच्या वाटेवरच कुठेतरी होती. ती कुठे, हे आमच्या डोंगरात कुणी कुणाला विचारत नाही. आर्मिदाने एकदा विचारले, तर तो म्हणाला, "ताई, मरताना आईनं विचारलं होतं. तिलाही नाही सांगितलं."

शरद ऋतूत पाऊस होऊन गेला की धबधबा बघण्याच्या नावाखाली शहरातली माणसे टोपल्या घेऊन येत. म्हणून उबाल्दो पहाटेच पाना घेऊन यायचा, माझ्या हाताचा बोल्ट सैल करायचा आणि हात उजवीकडे फिरवून ठेवायचा. उजवीकडची वाट जुन्या कोळसाभट्ट्यांकडे उतरते आणि काटेरी झुडपांत संपून जाते. आठ-दहा दिवसांत अळंबी सरली की तो मला पुन्हा सरळ करायचा. आर्मिदाने कधी टोकले तर म्हणायचा, "वारं फिरवतं गं त्याला." ती बोल्ट आवळायची आणि भावावर विश्वास ठेवायची.

मला राग यायला हवा होता, पण मी खूश होतो. ते दहा दिवस तिच्याकडे फारसे कुणी पोचत नसे! चिखलाने माखलेली माणसे परत येऊन कुरकुरत, "कसला धबधबा नि कसलं काय!" ते ऐकून माझ्या जिवाला थंडावा मिळे.

मग ते वर्ष आले. उबाल्दोने मला फिरवले आणि घाईत बोल्ट नीट आवळला नाही. दुपारी भरली टोपली घेऊन उतरताना तो घसरला आणि त्याचा पाय मोडला. त्याला खाली शहरातल्या इस्पितळात नेले. खांब सरळ करा, एवढे त्याने कुणालातरी सांगायचे होते. पण सांगायचे तर का फिरवला तेही सांगावे लागले असते. तो गप्प बसला.

रविवार आला. डोंगरावर दाट धुके होते. आर्मिदाला तोवर मोतीबिंदूने नीट दिसेनासे झाले होते, आणि आदल्या वादळात फाट्यावरची ओळखीची झाडे उन्मळून पडली होती. तिचे पाय डावीकडे वळले. मग ती थबकली, माघारी आली आणि तिने माझा हात चाचपला. एक-एक अक्षर बोटांनी वाचून बाणाच्या टोकापर्यंत गेली.

"म्हातारी झाले गं बाई," ती स्वतःशीच हसली. "पाय विसरले, पण हा नाही विसरला."

त्याच वेळी वारा आला. बोल्ट सैल होता. मी जरा अंग ढिले सोडले असते तर हात सर्रकन डावीकडे फिरला असता. पण माझ्या मनात आले, आज एक रविवार तरी ही त्या बयेकडे जायला नको. पावसाने लाकूड फुगले होतेच. मी हात घट्ट धरून ठेवला. आर्मिदा उजवीकडे उतरली.

दुपारी गाव शोधायला निघाले. ती धबधब्यालाच गेली असणार म्हणून सगळे डावीकडे धावले आणि हात हलवत परत आले. गावात बार चालवणाऱ्या योलान्दाने माझ्याजवळ उभे राहून उबाल्दोला फोन लावला.

"तुझी बहीण सापडत नाहीये रे! आणखी कुठं जाते ती?"

पलीकडून उबाल्दोचा आवाज आला, "योलान्दा, खांबाचा हात कुठं आहे बघ."

"उजवीकडं. का?"

"भट्ट्यांकडं पळा! मी फिरवलाय तो."

"तू? कशाला?"

"अळंबीसाठी."

"अरे मेल्या! आणि इतकी वर्षं वाऱ्याला शिव्या खायला घालतोस? ती आंधळी होत चाललीय, आणि तू टोपली सांभाळत बसलास?"

"जागासुद्धा सांगतो, वाट्टेल त्याला सांग," तो रडत म्हणाला, "पण आधी तिला आण!"

आर्मिदा कोळसाभट्टीच्या खड्ड्यात सापडली. खुब्याचे हाड मोडले होते, थंडीने ती काळीनिळी पडली होती, पण जिवंत होती. तिला माझ्या समोरूनच नेले. मी उजवीकडे हात करून उभा होतो.

वसंतात ती आली, काठी टेकत. मागून उबाल्दो लंगडत आला. त्याने तिची माफी कितीदा मागितली असेल, कोण जाणे. तिने त्याच्याकडून माझा हात सरळ करून घेतला आणि दोन लांब खिळे स्वतः ठोकले.

"हाण रे मला पण एक," उबाल्दो पुटपुटला.

"तुला ठोकून ठोकून गाव दमलं," ती म्हणाली. मग माझ्या अक्षरांवरून हात फिरवून हळूच म्हणाली, "याचा काय दोष? हा बिचारा लाकडाचा."

आता ती वर जाऊ शकत नाही. दर रविवारी माझ्या पायाशी बसते. तास-तास बसते. आयुष्यभर मी जे मागत होतो ते मला मिळाले आहे. तिचे तोंड मात्र डावीकडे असते. उतरणाऱ्या प्रत्येकाला ती विचारते, "पाणी किती आहे आज?" कुणी सांगू लागले की ती डोळे मिटून ऐकते आणि मी मान खाली घालतो.

सगळा दोष उबाल्दोच्या माथी गेला. माझा वाटा तुमच्याखेरीज कुणाला ठाऊक नाही. म्हणून विनवतो, मित्रांनो, रानावनात वाट दाखवणारा एखादा खांब वाकडा दिसला तर तो स्वतः सरळ करा, बोल्ट घट्ट आवळा आणि मगच पुढे जा. आमच्या भरवशावर सोडू नका. आमच्याही पोटात दुखते.