माझ्या बाजूचा ब्रेक

माणसाचं पाणी जोखायला मला दहा मिनिटं पुरतात. बावीस वर्षं गाडी शिकवतोय. कोण दार आपटतो, कोण आरशात रस्त्याआधी स्वतःचा भांग बघतो, कोण आपली चूक क्लचवर ढकलतो, एवढं पाहिलं की पुरे.

म्हणूनच धाकटीने तिच्या वाचनालयातल्या ग्रंथपालाला माझ्याकडे धाडलं. आईवडील गेल्यापासून घरात आम्ही दोघंच बहीणभाऊ. चाळिशीत तिला कोणीतरी आवडलं होतं. महिनाभर शिकव, मग कसा आहे ते सांग, तू नको म्हणालास तर लग्नाचा विषय सोडून देईन, असं ती म्हणाली. आणि धाकटी बोलते तसंच वागते.

पहिल्याच दिवशी मी निकाल लावला: भित्रा. दार हळू लावायचा, पट्टा दोनदा ओढून बघायचा. तेही चाललं असतं, पण समोरून कोणी आलं की गाडी कचकन थांबून बंद पडायची. चौकात तर रोजचीच शोभा. मागचे हॉर्न वाजवायचे आणि हा हात वर करून त्यांची माफी मागायचा. ब्रेकवरचा पाय काढा, असं मी ओरडायचो. तो "हो सर" म्हणायचा. असला माणूस अडीनडीला काय उभा राहणार? रविवारी महिना भरला की धाकटीला नकार सांगायचा, हे मी ठरवून टाकलं.

शनिवारी सकाळी सुटं चाक माझ्या पायावर पडलं. अंगठा टम्म सुजला. शिकवणीच्या गाडीत आमच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, तो दाबला की शिकणाऱ्याचाही खाली जातो. माझा पाय कायम त्यावर असतो. त्या दिवशी मात्र पाय वर घेऊन, हँडब्रेक धरून बसलो.

चौक कधी ओलांडला तेही कळलं नाही. पुढचे दोनही तसेच गेले. गाडी एकदाही बंद पडली नाही. माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि तोंड उतरलं. एवढ्या वर्षांत विनाकारण न हललेला माझा पाय महिनाभर या एकाच माणसाला थांबवत होता.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

त्याने गाडी कडेला घेतली. "पेडल आपोआप खाली जायचं, सर. आधी वाटलं, सगळ्यांनाच असं करत असाल. मग बाकीच्या शिकणाऱ्यांना विचारलं."

"मग बोलला का नाहीत?"

"त्या लग्न करून आल्या, की तुम्ही घरात एकटे पडणार. म्हटलं, तुम्हाला वेळ लागेल."

मला राग आला, पण स्वतःचा. धाकटीला रविवारपर्यंत ताटकळत ठेवण्यात अर्थ नव्हता. तिथूनच फोन लावला. ती नुसतं "बोल" म्हणाली.

"माणूस धीराचा आहे," मी म्हणालो. "भित्रा मी निघालो. तू हो म्हण."

ती रडत रडत म्हणाली, "दादा, रोज जेवायला आमच्याकडे येशील ना?"

ते 'आमच्याकडे' टोचलं, खोटं कशाला बोलू. येईन म्हणालो, आणि ग्रंथपालाला गाडी थेट घरी, तिच्याकडे घ्यायला सांगितली.